बिनदाराचं घर

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. नात साडेचारची, आणि तोंडातून एक शब्द काढत नव्हती. कान-गळा ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. काही हवं असलं की ती बोट दाखवी आणि सगळं घर धावायचं.

अंगणवाडीच्या बाईंनी प्लास्टिकच्या ठोकळ्यांची पिशवी माझ्याच हातात दिली. "आजोबा, तिच्याबरोबर घर बांधा, बांधताना तिला बोलतं करा. आधी शब्द येतील, मग अक्षरं."

मी दुसरी नापास. पण चाळीस वर्षं चिऱ्याची घरं बांधलेला गवंडी. मला घर बांधायला ही बाई शिकवणार? रागानेच बसलो आणि भिंत सरळ आहे का बघायला पहिल्या थराला दोरीचा ओळंबा लावला.

सून हसली, "बाबा, खेळणं हाय ते!"

"भिंत ती भिंत," मी म्हटलं.

नातीने मधोमध आपली बाहुली ठेवली. आता दार. माझा नेम असा की दाराची जागा मालकाने तोंडाने सांगायची. एकदा एकाने नुसतं बोट दाखवलं, आणि दार शेजाऱ्याच्या गोठ्यात उघडलं.

"मालकीणबाई, दार कुठं?"

तिने बोट दाखवलं. मी पुढचा थर चढवला.

दोन दिवस हेच. बाईंकडून आणखी दोन पिशव्या आणल्या. तिसऱ्या दिवशी वर फळी टाकून छप्परही घातलं. बाहुली आत कोंडली. नात हुंदके देऊ लागली.

"बाबा, दार ठेवा की! अक्कल गेली काय?" सून ओरडली.

"अक्कल जागेवर हाय. दार नाय."

खरं सांगतो, भीती मलाही होती. पोर मुकीच राहिली तर? तरी मी छपरावर चढवायला पुढचा ठोकळा उचलला.

नातीने माझा ओळंबाच हिसकावून घेतला. "इथं! इथं दार! मोठ्ठं! बावली जाडी हाय!"

सून पोरीला कवटाळायला धावली. मी मात्र कामाचंच विचारलं, "उंबरा केवढा?"

मग संध्याकाळपर्यंत तिने दार तीनदा हलवलं, खिडक्या वाढवल्या, मला आळशी म्हटलं. इतकी कटकटी मालकीण आयुष्यात भेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घर फळीवर घेऊन, डोक्यावर धरून मी नातीबरोबर अंगणवाडीत गेलो. बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"आजोबा, एवढं मोठं दार कशाला?" बाईंनी विचारलं.

मी तोंड घट्ट मिटलं आणि नातीकडे बोट दाखवलं.