विमान आलं की पाणी

गोव्यातल्या मोपाच्या सड्याखाली, म्हणजे कातळपठाराच्या पायथ्याशी, आमची शाळा. दोन खोल्या, चार इयत्ता, अकरा मुलं, मोठ्या बाई आणि नवीकोरी मी. डी.एड. करून आलेली, वर्षभराच्या नियोजनाची वही छातीशी धरून. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर तारीख लिहून धडा सुरू करणार, तेवढ्यात बाईंनी माझ्या हातातला खडू काढून घेतला.

"पुस्तक खंय पळून वता गो? आठ दीस धीर धर."

ते आठ दिवस बाईंनी काय शिकवलं? चपला दाराबाहेर जोडीने, टाचा भिंतीकडे. छत्र्या मागच्या पडवीत. चौथीतल्याने पहिलीतल्याला शेजारी घ्यायचं आणि त्याची पाटी बघितल्याशिवाय आपली वही दाखवायला यायचं नाही. आणि सगळ्यात अजब म्हणजे, विमान आलं की पाणी प्यायचं. विमानतळ झाल्यापासून आमच्या कौलांवरून विमानं जातात, त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. बाईंनी त्याचीच घंटा केली होती. घरघर सुरू झाली की वाचणाऱ्याने शब्दावर बोट ठेवायचं, सगळ्यांनी बाटली तोंडाला लावायची, आणि आवाज गेला की बोटाखालच्या शब्दापासून पुढे. याची तालीम त्यांनी किती वेळा घेतली, देव जाणे. मला मनातून हसू यायचं आणि रागही. अभ्यासक्रम कोण पुरा करणार, बाटल्या?

नवव्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. माणूस सावंतवाडीकडचा, विमानतळावर सामानाची गाडी चालवणारा. मुलीला बसवाल्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं. ती गेली की तिच्या वाड्यावरची आणखी तिघं जाणार, आणि सात मुलांची शाळा कोण चालू ठेवतो? बाईंचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. तरी दाखला देण्याआधी त्यांनी एकच अट घातली, "तुमी एक दीस वर्गात बसात. मागीर दाखलो व्हरात."

ते सोमवारी आले आणि नेमकी त्याच दिवशी बाईंना पेडण्याला मीटिंग. वर्ग माझ्या ताब्यात. पाहुण्यासमोर मुलं सारखी पाणी पिताना दिसायला नकोत म्हणून मी शहाणपणा केला. सगळ्या बाटल्या कपाटावर ठेवल्या आणि बजावलं, "आज विमान आलं तरी थांबायचं नाही."

त्यांचीच मुलगी धडा वाचत असताना विमान आलं. "थांबू नको, मोठ्याने वाच!" मी ओरडले. पहिलीतली दोघं खिडकीकडे पळाली, तिसरा कान झाकून रडायला लागला, चौथीवाले कपाटाकडे बघत राहिले. वडील दाराशी स्टुलावर बसून सगळं बघत होते. आता संपलं सगळं, असं मला वाटलं.

मुलगी मात्र शब्दावर बोट ठेवून उभीच होती. आवाज ओसरल्यावर म्हणाली, "बाई, आमच्यो बाटल्यो देवा. मगे सगळी गप बसतली."

मी कपाटावरून बाटल्या काढून वाटल्या आणि तिला पुढे वाचायला सांगितलं. थोड्याच वेळात दुसरं विमान आलं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. चौथीतल्याने आधी पहिलीतल्याचं झाकण उघडून दिलं, मग आपलं उघडलं. अकरा बाटल्या वर गेल्या. आवाज विरला आणि मुलीने बोटाखालच्या शब्दापासून पुढे वाचायला घेतलं. बाई पेडण्यात बसल्या होत्या आणि इथे त्यांचा वर्ग चालला होता. मला बाईंचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. माझी मला लाजही तेवढीच वाटली.

शाळा सुटल्यावर वडिलांनी स्टूल उचलून जागेवर ठेवलं. सकाळचा गोंधळ त्यांनी पाहिला होता, त्यामुळे मला काही आशा नव्हती. मी दाखल्यांची वही काढायला कपाट उघडलं.

"वही रवांदे, बाई," ते म्हणाले. "हिची बाटली बारकी आसा. उद्या मोठी घेवन देतंय."