दाखला नसलेली टीम
मैदान आखायच्या फक्कीचा वास आला की पारनेरजवळचा तो माळ आठवतो आणि डोकं फिरतं. तालुक्याच्या फुटबॉल स्पर्धेत ग्रामपंचायत असलेल्या गावांनाच प्रवेश होता. म्हणून, मान्यता नसलेल्या देशांचा वेगळा वर्ल्डकप मोबाईलवर पाहून आम्हीही वाड्यावस्त्यांचा कप भरवला. सकाळीच मेंढपाळांच्या तळावरचे अकरा जण वहाणा काढून तयारीत उभे राहिले. "आमाला बी घ्या की." आमचे अध्यक्ष म्हणाले, "वस्तीचा तलाठ्याचा दाखला हाय का?" "आमची वस्ती रोज हलती, दाखला कोन देनार?" "मग न्हाई जमायचं." ते वहाणा घालून निघून गेले. अध्यक्षांचा राग मला आजही येतो. पण दाखल्याची ती अट नियमांच्या कागदावर माझ्याच अक्षरात होती.