बोल्टवरचं कुंकू

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं तिखटमीठ लावलं. कुकरची शिट्टी व्हायला आली की मी अजूनही ओट्यापासून मागे सरकते. माहेरी सगळे हसायचे, लग्नानंतर सासूबाई हसायला लागल्या. पण नव्वदच्या दशकात एका दुपारी सातपूरच्या कारखान्यातून एक माणूस सायकल मारत निरोप घेऊन आला, की आमच्या यांचा डावा हात प्रेसखाली सापडलाय, आणि त्यानंतर माझ्या भीतीला घरात कुणी हसलं नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. दवाखान्यात यांनी बँडेजमधला हात वर करून मला दाखवला आणि म्हणाले, "डावाच आहे गं. उजवा शाबूत आहे. जेवता येतंय, पाना धरता येतोय, अजून काय पाहिजे?" मी रडत रडत मान डोलावली. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तो उजवा हात जो बसला तो बसलाच. हे दाढी करायला बसले तरी मी त्या हाताकडे बघायची. तोही गेला तर या माणसाला मी घास भरवायचा, हे चित्र मला भर दुपारी, धुणं वाळत घालताना दिसायचं.

आता शहाण्या माणसानं मशीनचा नाद सोडला असता की नाही? आमच्या यांनी नोकरी सोडली आणि अंबडला भाड्यानं गाळा घेतला. एक जुनं लेथ, एक ड्रिल मशीन, बस्स. "दुसऱ्याच्या मशीनवर बोटं गेली, आता स्वतःच्या मशीनवर काम करतो," म्हणाले. मी रोज दुपारचा डबा घेऊन जायची. खरं तर डबा हे निमित्त होतं. मला तो हात बघायचा असायचा.

काही वर्षं नट-बोल्ट, पिना, बुश असली किरकोळ कामं चालली. मग एक दिवस निफाडकडचे एक द्राक्षवाले काका आले. त्यांचा बेदाण्याचा धंदा होता. बेदाणा काड्यांपासून सुटा करायला मोठी चाळणी हलवावी लागते, आणि त्यांच्याकडे बाया दोन्ही बाजूंनी धरून ती हातानं हलवायच्या.

"लय ताप हाय बघा," काका म्हणाले. "माल ओला असला की चाळणीला चिकटतो, त्याला मोठा हिसका लागतो. वाळका असला आन् तेवढाच हिसका दिला, की फुटतो. असं मशीन द्या की हिसका मला पाहिजे तेवढा कमी-जास्त करता येईल."

हे त्या रात्री जेवतानासुद्धा तेच बोलत होते. मोटर गोल फिरते, चाळणी मागे-पुढे जायला पाहिजे, आणि किती मागे-पुढे जायचं ते आपल्या हातात पाहिजे. मग ताटातली वाटी फिरवून आम्हाला समजावायला लागले. एक जाड लोखंडी चकती घ्यायची, ती मोटरनं फिरवायची. चकतीला मध्यापासून कडेपर्यंत लांब खाच पाडायची. त्या खाचेत एक बोल्ट, आणि बोल्टला जोडलेला दांडा थेट चाळणीपर्यंत. बोल्ट कडेला सरकवला की चाळणीची झेप मोठी, मध्याकडे आणला की लहान.

मला काही ओ की ठो कळलं नाही. सासूबाई मात्र भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, "म्हणजे जात्याचा खुंटा की रे! खुंटा कडेला असला की हात लांब फिरतो. मध्ये ठोकला तर हात जागच्या जागी."

हे ताटावरून उठायचेच बाकी राहिले होते. "आई, तुला गाळ्यावर घेऊन जायला पाहिजे!"

पुढचे काही आठवडे यांना दुसरं काही सुचत नव्हतं. पहिल्यांदा चालवून बघितलं तेव्हा मी डबा घेऊन तिथेच होते. यांनी बोल्ट बरोबर मध्यावर ठेवला आणि बटण दाबलं. चकती गरागरा फिरायला लागली, आणि चाळणी ढिम्म! एवढी मोठी चकती भणाणतेय आणि चाळणीवरचा बेदाणा जागचा हलत नाही. मग मशीन बंद करून बोल्ट थोडा कडेकडे सरकवला, नट पान्यानं कसला, पुन्हा सुरू. चाळणी हलकेच मागे-पुढे जायला लागली. अजून कडेकडे, तर अजून मोठी झेप. हे लहान पोरासारखे हसत होते. मला हसू आलं नाही, कारण यांना एक वाईट खोड होती. मशीन चालू असताना हे त्या हलत्या दांड्यावर उजव्या हाताचा तळवा टेकवायचे.

"अहो, काढा ना तो हात!"

"अगं, कानाला कळत नाही ते हाताला कळतं. कुठे ठोका बसतोय ते बघतोय."

मी डबा घेऊन दारापर्यंत मागे सरकले होते आणि हा माणूस ठोका बघत होता.

काकांना दसऱ्याच्या मुहूर्तावर मशीन पाहिजे होतं. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी गाळ्यावर सगळ्या हत्यारांची पूजा असते. लेथ धुऊन-पुसून झेंडूची माळ, आणि पाने, हातोड्या, फाईली, पक्कड सगळं पाटावर मांडून त्यांना हळदीकुंकू. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा नमस्कार होईपर्यंत हत्यार उचलायचं नाही, मशीनला बोट लावायचं नाही. हत्यारांची ती एक दिवसाची सुट्टी. सासूबाई या बाबतीत फार कडक होत्या. एका वर्षी शेजारच्या गाळ्यातल्यानं पूजेनंतर पक्कड मागितली, तर त्याला हात हलवत परत पाठवलं होतं.

त्या खंडेनवमीला हे चाळणीपाशी वाकून बोल्ट जागेवर बसवत होते. खाचेच्या साधारण अर्ध्यात बोल्ट ठेवला, आणि मागच्या बाजूनं नट नुसता बोटांनी फिरवून ठेवला. कसायचा राहिलेला. तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन हजर. "मुहूर्त टळतोय, ऊठ आधी." पाने तर सगळे पाटावर गेलेलेच होते. हे उठून हात धुवायला गेले, सासूबाईंनी ओल्या हळदीकुंकवाचं बोट सगळीकडे ओढायला सुरुवात केली. चाळणीवर ओढलं, मोटरवर ओढलं, मागे जाऊन चकतीवरही ओढलं, चांगलं लांब, नटावरून पार चकतीपर्यंत. मी मागे निरांजन घेऊन उभी होते. मी सगळं बघितलं.

पूजा झाल्यावर मी यांना बाजूला घेतलं. "अहो, तो नट नुसता बोटांनी लावलाय तुम्ही."

"माहितीय गं. उद्या पाने उचलले की पहिला तोच कसतो."

"आत्ताच कसा ना."

पाटापाशी बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "पूजा झालेल्या पान्याला हात लावायचा नाही. सूनबाई, मशीन काय उठून पळणार आहे का आज?"

त्यांचंही खरंच होतं. बंद मशीनला कसली भीती? तरी त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दसऱ्याला आम्ही गाळ्यावर पोचतो न पोचतो तोच काकांची जीप दारात. सोबत घरची माणसं, बेदाण्याच्या पाट्या, पेढे. यांनी घाईघाईनं नमस्कार करून पाने उचलले, मोटरचे बोल्ट कसले, पट्टा ताणून बघितला, सगळं काकांशी बोलत बोलत. काकांनी आपट्याची पानं दिली, गळाभेट झाली. मी जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "तो नट कसला ना?"

"कसलंय गं सगळं. किती वेळा विचारशील?" यांचा आवाज चढला. काका हसले. "वहिनींचा जीव टांगणीला लागलाय!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागे भिंतीशी, मेन स्विचजवळ जाऊन उभी राहिले.

तिथून मला चकतीची मागची बाजू दिसत होती. आणि नट दिसला. त्याच्यावर कालचं कुंकू वाळलं होतं. नटावरून चकतीवर गेलेली ती रेघ जशीच्या तशी, अखंड, कुठेही तुटलेली नाही. पान्यानं नट फिरवला असता तर रेघ जुळली असती का? यांनी तो नट कसलाच नव्हता. कसला असं त्यांना मनापासून वाटत होतं, पण कसला नव्हता.

मी तोंड उघडलं आणि सासूबाईंनी हिरवं बटण दाबलं.

टाळ्या पडल्या. चाळणी मागे-पुढे व्हायला लागली, बेदाणे नाचायला लागले. मग झेप वाढली. कुणी न वाढवता वाढली. बोल्ट खाचेतून कडेकडे सरकत चालला होता आणि चाळणी दर फेरीला जास्त लांब जात होती. बेदाणे उडून खाली पडायला लागले. काका खूश, "आरं वा, काय जोर हाय!" यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना काहीतरी चुकतंय एवढं कळलं, आणि मला ठाऊक होतं आता हा माणूस काय करणार. ते वाकले. उजवा हात पुढे झाला. दांड्याकडे.

मी आयुष्यात कधी मेन स्विचला हात लावला नव्हता. दोन्ही हातांनी त्याचा दांडका खाली ओढला आणि ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. सासूबाई म्हणतात मी यांना चक्क नावानं हाक मारली.

मशीन थांबता थांबता चाळणी चौकटीवर धाडकन आपटली आणि तिला बांधलेल्या माळेतले झेंडू फरशीभर झाले.

"वेड लागलं का तुला?" हे माझ्यावर कडाडले. "पाहुण्यांसमोर, सणाच्या दिवशी!" सासूबाईंचा चेहरा तर पांढराफटक पडला होता. मुहूर्ताचं मशीन बंद पाडलं होतं मी. मी नुसतं चकतीकडे बोट दाखवलं.

हे मागे आले. बोल्ट खाचेच्या अगदी टोकाला जाऊन बसला होता आणि नट शेवटच्या आट्याला लोंबत होता. यांनी बोट लावलं तर तो त्यांच्या हातात आला. अजून थोडं फिरलं असतं तर दांडा सुटून बाहेर आला असता, आणि त्याच्यासमोर काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. हे नट तळहातावर घेऊन बघत राहिले. तो तळहात शाबूत होता.

मग नट कसला, पान्यानं, दात-ओठ खाऊन. काकांनी मशीन नेलं, आणि पुढे बरीच वर्षं त्यांच्याकडे ते नीट चाललं.

घरी श्रीखंड-पुरी होती. हे जेवत होते आणि मी वाढायचं सोडून त्यांचा हात बघत बसले. पुरी मोडतोय, श्रीखंड लावतोय, तोंडाकडे जातोय. "बघतेस काय, वाढ ना," म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून स्वतःच पुरी वाढून घेतली. सासूबाईंनी त्या दिवशी घास घेतला नाही. पदरानं डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "माझ्या पूजेपायी गेला असता गं तो हात."

पुढच्या खंडेनवमीला आम्ही पुन्हा गाळ्यावर. सासूबाईंनी पाट मांडला, पाने ओळीनं ठेवले. मग त्यातला एक मधल्या मापाचा पाना उचलून पदरानं पुसला, त्याला कुंकू न लावता माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा पूजेत नाही. तुला भीती वाटेल तिथला नट कस. खुशाल कस. माझ्या देवाला मी सांगते."

मी एकेक मशीन फिरून सगळे नट कसले, आणि माझ्या मागून त्या प्रत्येक नटावरून कुंकवाची रेघ ओढत आल्या.