मागच्या दारावरचं कुंकू

दाजींनी मला फसवलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार निपाणी. त्यांनी आपली वापरलेली पांढरी गाडी मला विकली, "एक ओरखडासुद्धा न्हाय" असं सांगून विकली, आणि ते खोटं होतं. हे आधीच लिहून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की मी आडवळणानं बोलतो.

तसं व्यवहारात मला फसवणं सोपं नाही. येळ्ळूरमध्ये कुणालाही विचारा. मी दुकानात शिरलो की दुकानदार आधी पाणी पिऊन घेतो, असं आमच्या गल्लीत म्हणतात. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. ते वडिलांनी ठेवलेलं नाही, मी भांडून मिळवलेलं आहे. जागा घेताना, मशीन घेताना, माल घेताना प्रत्येक वेळी समोरच्याचा घसा बसेपर्यंत बोललोय. रागीट म्हणतात मला. असेन. गोड बोलणाऱ्यांच्या पदरात काय पडलं तेही मी पाहिलंय.

आणि पत्रा, लोखंड, रंग हा तर माझा धंदाच. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी दुसऱ्याच्या फौंड्रीत ओतून काढलेली लोखंडी कास्टिंग घासत होतो. हातात पॉलिश पेपर, शेजारी रॉकेलचा डबा. घासायचं आणि तळहात फिरवून बघायचं. डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला कळतं. कास्टिंगमध्ये कुठं भोक निघालं तर मालक त्यात पुट्टी भरायला लावायचा आणि वरून रंगाचा हात द्यायला सांगायचा. भरायचो मीच. गिऱ्हाईक यायचं, वरून हात फिरवायचं, खूश होऊन माल उचलायचं. म्हणजे ही लबाडी मला बाहेरून कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी फसलो, कारण गाडी आक्काच्या दारात उभी होती.

पाडव्याच्या आधीची गोष्ट. दाजींना मोठी गाडी घ्यायची होती, ही काढायची होती. आक्कानंच फोन केला, "बाहेरच्याला देण्यापरास तूच घे की रं." मी निपाणीला गेलो. गाडी अंगणात होती, डावी बाजू कंपाऊंडच्या भिंतीला चिकटवून लावलेली. मधून मांजर गेलं नसतं. मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला, ऑइलची काडी बाहेर काढून वास घेतला, वर्तमानपत्र अंथरून गाडीखाली शिरलो. दुसऱ्या कुणाची असती तर आधी रस्त्यावर काढायला लावली असती आणि चारी बाजूंनी हात फिरवून बघितली असती. बहिणीच्या दारात जीभ रेटली नाही.

"त्या अंगाला काय हाय?" एवढंच विचारलं.

"त्या अंगाला भिंत हाय," दाजी म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर हसले. "अवो पाव्हणं, एक ओरखडासुद्धा न्हाय. मेव्हण्याला बुडवून मी जाऊ कुठं?"

मग भावावर आलो. तिथं मात्र मी सोडलं नाही. मी उठून चपला घातल्या, दाजींनी हात धरून बसवलं, मी परत उठलो.

"तुझा भाऊ हाय का वैरी?" दाजी आक्काला म्हणाले.

"भाऊ हाय म्हणून तर भांडतोय," ती म्हणाली. "परका असता तर कवाच उठून गेला असता."

ती चहा घेऊन आली होती. ट्रे उजव्या हातात, डावा नुसता खालून लावलेला.

त्या डाव्या हाताबद्दल इथंच सांगतो. संक्रांतीच्या सुमारास आक्काचं मनगट मोडलं होतं. मोरीत पाय घसरला, असं मला सांगण्यात आलं. मी हातातलं काम टाकून गेलो. हात प्लास्टरमध्ये, पट्ट्यानं गळ्यात अडकवलेला. मोरीची फरशी गुळगुळीत होती, हे मी डोळ्यांनी बघितलं. तिथंच दाजींवर तोंड सोडलं. घरात बाईमाणूस राबतंय, एक फरशी बदलता येत नाही का तुम्हाला, म्हणून. दाजी मान खाली घालून ऐकत राहिले. मला वाटलं, शरमले. पुढच्या आठवड्यात मी माझा गवंडी पाठवला आणि त्या मोरीत खरबरीत फरशी बसवून दिली. दाजींनी ती बसवून घेतली. गवंड्याला चहा पाजला, उतार नीट काढ म्हणून वर सूचनाही दिल्या. पुढं प्लास्टर निघालं, पण आक्काचं मनगट पूर्वीसारखं वळत नाही. भाकरी थापताना परातीत तिचा डावा हात अडखळतो.

तर व्यवहार ठरला. मी जिंकलो असं वाटून घरी आलो. आता कळतं, दाजींनी शेवटपर्यंत ताणून धरलं ते मला जिंकल्यासारखं वाटावं म्हणूनच. भावावर भांडणारा माणूस भिंतीमागं बघत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

गाडी न्यायच्या दिवशी पूजा केली. घरातून वाहन दुसऱ्याकडं जायचं असलं की घरची बाई ते ओवाळून पाठवते. गाडी रस्त्यावर उन्हात काढली होती आणि डावी बाजू मला तेव्हा पहिल्यांदा पुरती दिसली. मागचं दार बाकीच्या अंगापेक्षा जरा जास्तच चकाकत होतं. मला त्याचं बरंच वाटलं. म्हटलं, धुऊनपुसून दिली वाटतं. एवढा मी हुशार.

आक्कानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मला वाटलं झालं. तर तिनं वाटीत आणखी कुंकू कालवलं, उजवा तळहात त्यात बुडवला, गाडीला वळसा घालून डाव्या अंगाला गेली आणि मागच्या दारावर आपला पंजा उठवला. पाची बोटं, तळवा, सगळा.

"तिथं कुठं गं?" मी विचारलं.

"माझी बसायची जागा हाय ती."

"आता सगळी गाडीच रंगवून काढ," दाजी म्हणाले. "पूस ते."

"पुसू नगंस रं," ती माझ्याकडं बघत म्हणाली. दाजींकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुमच्या भनीची खुळं आता तुमच्याकडं," दाजी किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाले. मीही हसलो. गाडी चालू केली आणि संकेश्वर येईपर्यंत माझ्या सौद्याचंच कौतुक करत राहिलो.

पावसाळा आला आणि गेला. बॉनेटवरचं स्वस्तिक धुपत धुपत नुसती गुलाबी सावली राहिली. दारावरचा पंजा मात्र उठून दिसत होता, आणि ज्या दाराला सगळ्यांत जास्त चकाकी होती ते आता खडू फासल्यासारखं मळकट झालं होतं. मी पावसाला बोल लावला.

हत्यारं-वाहनं पूजायच्या खंडेनवमीला दोन दिवस असताना गाडी पॉलिश करायचं मनात घेतलं. गाड्या धुणाऱ्याकडं मशीन लावून करून देतात. तिथं जाऊन आलो, भाव ऐकला, चार शब्द सुनावले आणि परत फिरलो. ज्यानं आयुष्यभर हातानं लोखंड घासलं त्यानं दुसऱ्याला पैसे का द्यायचे? पॉलिशला लागणाऱ्या रबिंग कंपाऊंडचा डबा घ्यायला दुकानात गेलो. तिथंही घासाघीस केली, तेव्हा तो दुकानदार कंटाळून कन्नडात "होगली बिड्री, अण्णा" म्हणाला. म्हणजे जाऊ द्या, न्या एकदाचं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत बसलो. गाडी आधी धुऊन कोरडी केली. जुन्या काळ्या फ्लॅनेलचा तुकडा, त्यावर तपकिरी कंपाऊंडचं एक बोट. छोटे छोटे गोल फिरवायचे, हात जड ठेवायचा नाही, आणि वाळायच्या आत दुसऱ्या फडक्यानं पुसून घ्यायचं. बॉनेटवरची गुलाबी सावली दोन हातांत गेली. खालून रंग असा निघाला की तळहात काचेवरून फिरतोय असं वाटलं. छप्पर झालं, उजवी बाजू झाली, डावीकडचं पुढचं दार झालं. खरं सांगतो, मन आनंदात होतं. बऱ्याच वर्षांनी हातानं काम करत होतो.

मागच्या दाराशी आलो तेव्हा बायको पायरीवर फुलं निवडत बसली होती. "अवो, वन्संचा हात हाय त्यो. राहू द्या की."

"डागाची गाडी पूजायची व्हय?" म्हटलं आणि तळहात फिरवला.

हात थबकला. संत्र्याच्या सालीसारखं बारीक खरबरीत लागत होतं. पुढच्या दाराला हात लावला, काच. परत मागच्या, साल. घासायला लागलो. कुंकू हलेना. कंपनीतून भाजून आलेला रंग कुंकू पीत नाही. ते त्याच्या वर राहतं. गॅरेजमध्ये घाईनं मारलेला रंग पितो. आणखी घासलं तेव्हा काळं फडकं पांढरं व्हायला लागलं. बाकीच्या गाडीवरून त्या फडक्याला नुसता मळ आला होता. इथं रंगच निघून येत होता. बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. पुढचं दार टणटणलं. मागचं भद्द वाजलं, ओल्या मातीच्या ढेकळासारखं.

उठलो आणि पिशवीतून लोहचुंबक आणलं. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा कीस गोळा करायला वापरतो ते. पुढच्या दाराला चटकन चिकटलं. मागच्या दाराच्या कडेला चिकटलं. मग पंजाच्या बरोबर मध्यावर ठेवलं आणि सोडलं, तर ते घसरून फरशीवर पडलं. तीनदा ठेवलं, तिन्ही वेळा पडलं. खाली पत्रा नव्हता, म्हणजे होता, पण पुट्टीच्या जाड थराखाली आत दबलेला. कुंकवाच्या बोटांच्या बाहेर चुंबक धरत होतं, आत धरत नव्हतं. मी फौंड्रीत भरायचो तसलंच काम, फक्त मोठं.

आधी सौद्याचाच राग आला. मला, ह्या मला, पुट्टी विकली! शिव्या तोंडाशी आल्या. आणि मग त्या शिव्या तिथंच राहिल्या, कारण दुसरी गोष्ट ध्यानात आली. मागची डावी जागा. माझी बसायची जागा हाय ती, असं आक्का म्हणाली होती. आणि तिचा मोडलेला हात डावा.

तसाच, कंपाऊंडनं माखलेल्या हातानं फोन लावला. आक्कानंच उचलला.

"गाडी पॉलिश करतोय," मी म्हणालो.

"बरं."

"मागच्या दारावर आलोय."

तिकडं कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "पुसलंस व्हय?"

"आक्का, हात कुठं मोडला गं तुझा?"

"तुझा राग मला ठावं हाय रं," ती हळू आवाजात म्हणाली. "तू येतोस, घर डोक्यावर घेतोस. मग तू जातोस बेळगावला. मी हितंच असते."

एवढं बोलली आणि फोन दाजींच्या हातात गेला.

"पाव्हणं, सणासुदीचं कशाला उकरून काढताय? पसंत न्हाय तर गाडी परत आणा."

"गाडीचं विचारत न्हाय. हात कुठं मोडला?"

"मोरीत. तवाच सांगितलं न्हवं?" म्हणाले आणि फोन ठेवला. आवाजात कंप नव्हता. मी फरशी बसवून दिलेल्या मोरीचं नाव घेऊनसुद्धा नव्हता.

आक्काचं वाक्य मला लागलं, नाकारत नाही. तिनं मला तोंडानं सांगितलं नाही, कारण माझ्या तोंडाची तिला भीती वाटली. मी आरडाओरडा करून जाणार आणि नंतरचं सगळं तिच्या वाट्याला येणार, हा हिशेब तिनं केला आणि तो बरोबर होता. म्हणून तिनं हातानं सांगितलं, सगळ्यांच्या समोर, नवऱ्याच्या समोर, आणि मी हसलो. माझ्या रागाचं उत्तर मी तिला देईन. ते माझं देणं आहे. पण ती गाडी कोण चालवत होतं, कशावर घातली, त्या मोडक्या दारातून तिला बाहेर कुणी काढलं आणि काढल्यावर पहिलं वाक्य 'मोरीत घसरले असं सांग' हेच होतं का, याचं उत्तर मी कुठून देऊ?

दुसऱ्या दिवशी पूजा केली. बाकीची गाडी आरशासारखी आहे. ते दार तसंच ठेवलंय, अर्धं घासलेलं, अर्ध्या पंजाचं. गाडी आता मी डावी बाजू रस्त्याकडं करून लावतो. येणारेजाणारे विचारतात, हे काय? मी सांगतो, निपाणीच्या दाजींना विचारा.

दाजी, तुम्ही या. गाडी न्यायला येऊ नका, ती मी ठेवून घेतली आहे. भर उजेडात या, ह्या दाराशी उभे राहा, जिथं आक्काचा हात उठलाय तिथं आपला हात ठेवा, आणि माझ्या तोंडावर सांगा तिचा हात कुठं मोडला. आणि ते सांगेपर्यंत तुमच्या मोरीतल्या माझ्या फरशीवर पाय ठेवायचा नाही.