दारातून दिसणारा टीव्ही

आमच्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हा मी नववीत होतो. १९९८ साल असावं. बाबा दुसऱ्याच्या मासेमारी होडीवर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, होते. होडीच्या मालकाने स्वतःसाठी नवा मोठा संच घेतला आणि जुना चौदा इंची आम्हाला दिला. पावस गावाच्या रस्त्याला लागून असलेल्या वाडीत आमचं चिऱ्याचं घर, पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत एकाच भिंतीला दार नव्हतं की खिडकी नव्हती, म्हणून टीव्ही तिथे बसला, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कोपऱ्यात. समोर बाबांची खुर्ची, खुर्चीच्या पायाशी मी आणि धाकटी बहीण. आई सकाळभर बाजारात मासे विकून यायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात बसायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. तव्यावर भाकरी असायची.

त्या वर्षांचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते टीव्हीचं मुकेपण. दहावीपासून बी.एस्सी.पर्यंत, मी पुस्तक उघडलं की बाबा उठून आवाज बंद करायचे. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. क्रिकेटचा सामनासुद्धा ते मुका बघायचे, चौकार गेला की मांडीवर हळूच थाप मारायची, बस्स. शेजारचे काका दारात डोकावून म्हणायचे, "काय तांडेल, आज पण मौनव्रत?" बाबा तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे खूण करायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्या पायरीखाली काय काय होतं ते मोजायला बसलो, तर हा बंद केलेला आवाज मी आधी धरीन.

नोकरी लागून हायस्कुलात शिक्षक म्हणून कायम झालो त्या वर्षी ठरवलं, घरी चांगला टीव्ही आणायचा. जुन्यावर माणसांचे चेहरे हिरवट झाले होते. मी शाळेच्या वाचनालयात बसून माहिती वाचली, कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं. एचडी रेडी म्हणजे काय, फुल एचडी म्हणजे काय, पडद्यापासून किती लांब बसावं, सगळं समजून घेतलं. आपण शिकलो त्याचा घराला असा थेट उपयोग होतोय, याचा मला मोठा आनंद होता.

बाबांनी त्यांच्या पद्धतीने तयारी केली. जाळ्याच्या दोरीने भिंतीवरची जागा मोजली आणि दोरीला गाठ मारली. "हितपर्यंत मावतो," म्हणाले, आणि दोरी खिशात टाकली.

एका रविवारी आई, बाबा आणि मी एसटीने रत्नागिरीत आलो. दुकानात भिंतभर टीव्ही लावले होते आणि सगळ्यांवर एकच चित्र चालू होतं, निळ्या पाण्यात रंगीत मासे. बाबा बराच वेळ उभे राहिले. मग विचारलं, "हे खातात काय?" दुकानातले गृहस्थ हसले आणि म्हणाले, भाऊ, हे नुसते बघायचे.

त्यांनी बत्तीस इंची दाखवला. बाबांनी खिशातून दोरी काढून पडद्यावर आडवी धरली. दोरी पडद्याबाहेर लोंबायला लागली, तेव्हा मग ह्यात बत्तीस कुठे, असं त्यांनी विचारलं. त्या गृहस्थांनी समजावलं की माप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं घेतात. हे मलाही माहीत होतं, पण सांगायची संधी त्यांनी आधी घेतली.

बाबा म्हणाले, "तिरकं मोजून सुरमई विकली तर ही बाजारातून मार खाऊन येईल."

"मी कशाला खाईन मार," आई म्हणाली. "तुमचं नाव सांगीन."

बाबांचं मन बेचाळीस इंचीवर गेलं. दोरी त्यालाच बरोबर बसत होती, आणि त्यावर मैदानातलं गवतसुद्धा वेगळं दिसेल असं गृहस्थ सांगत होते. मीही समोर उभा राहून चित्र तपासलं, काळा रंग किती काळा आहे ते बघितलं. मला पसंत होता. बिल करायला सांगणार, तेवढ्यात मागे वळून पाहिलं तर आई नव्हती.

ती भिंतीलगत, टीव्हीच्या ओळीच्या कडेला, फरशीवर बसली होती. दुकानवाल्यांनी तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती रिकामी. पदर सावरून ती मान वर करून त्या मोठ्या टीव्हीकडे बघत होती.

"ह्याच्यातले मासे पांढरे पडतात," ती म्हणाली.

गृहस्थ समजुतीने म्हणाले, "वहिनी, टीव्ही समोरून बघायचा असतो."

"समोर हे बसतात," आई म्हणाली.

तक्रार नव्हती त्यात. घरातली जागा सांगितली तिने, इतकंच. मी जाऊन तिच्याशेजारी बसलो. तिथून खरोखरच निळं पाणी उतरून गेलं होतं, मासे नुसते आकार उरले होते. मला ते मुके सामने आठवले. बाबांना आवाज नसला तरी चित्र होतं. हिला चित्र कधीच पुरतं दिसत नव्हतं, ऐकूनच ती गोष्ट जोडायची, आणि आवाज बंद झाल्यावरही ती वर्षानुवर्षं त्या दारात बसून होती.

मी म्हटलं, आपण तुझी खुर्ची समोर ठेवू.

"आणि भाकरी कोण परतील? खुर्ची?"

मग बाबाही आले. गुडघे धरत खाली बसले, आईच्या खांद्याला टेकून त्यांनी मान तिरकी केली. "ह्यो नको," म्हणाले. आम्ही तिघे फरशीवरच सरकत सरकत एकेका टीव्हीखाली गेलो. दुसरी गिऱ्हाइकं आमच्या बाजूने वळसा घालून जात होती. शेवटी गृहस्थही उकिडवे बसले, आणि त्यांनीच एक बत्तीस इंची दाखवला. दिसायला साधा, पण तिथून त्याचे मासे रंग सोडत नव्हते. आईने मान हलवली. आम्ही तो घेतला.

घरी आणल्यावर केबलवर तेवढं स्वच्छ चित्र कधीच दिसलं नाही. दुकानात लावलेल्या डिस्कवरच्या चित्राची गोष्ट वेगळी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी चेहरे चेहऱ्यांच्या रंगाचे झाले होते. त्या आठवड्यात भारताचा सामना होता. बाबा खुर्चीत, आई दारात. मी पेपर तपासत होतो, पण आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता.

मधेच आईने विचारलं, "ते खाली आकडे कसले येतात?"

"धावा," बाबा म्हणाले.

"कायम असतात? जुन्यावर पण?"

"कायम."

बाबांनी तिच्याकडे वळून बघितलं. सामना चालू असताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. पण ते खुर्ची ओढत दारापाशी घेऊन गेले आणि बोटाने दाखवून सांगू लागले, हा आकडा धावांचा, हा गडी किती बाद झाले त्याचा, हा अजून किती षटकं राहिली त्याचा. आई मधे मधे प्रश्न विचारत होती. तेवढ्यात आपला एक गडी बाद झाला. दोघांपैकी कुणीच तो पाहिला नाही, आणि मी सांगितलंही नाही.