बाबांचे तीन कॅमेरे

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर बाबा घरबसल्या तबला शिकवू लागले. त्यांची सगळ्यात चिकाटीची शिष्या म्हणजे कॅनडातली एक गुजराती डॉक्टरीण. व्हिडिओ कॉलवरच्या दर शिकवणीला तिची एकच तक्रार असायची, "सर, चेहरो देखाय छे, हाथ नथी देखाता."

"आधी कान वापर," बाबा म्हणायचे. पण शेवटी वैतागून त्यांनी मला बोलावलं.

मी एक वेबकॅम लॅपटॉपवर ठेवला, दुसरा तबल्याच्या वर टांगला आणि तिसरा बाजूच्या कपाटावर, बाबांची बैठक दिसावी म्हणून. मग तिन्ही चित्रं एका चौकटीत जुळवणारं सॉफ्टवेअर चालू केलं.

"कॉलला वाटतं, कॅमेरा एकच आहे," मी समजावलं.

"म्हणजे तिला फसवायचं?"

"तिला नाही बाबा, कॉम्प्युटरला."

"मग चालेल." बाबांनी केसांवरून हात फिरवला. नव्या चौकटीत त्यांनी स्वतःचा चेहरा तेवढा नीट न्याहाळला.

शिकवणी सुरू झाली. हात स्वच्छ दिसत होते. बाबा खुशीत येऊन नेहमीपेक्षा जास्त ओरडत होते, "मनगट! मनगट सैल सोड!" इतक्यात डॉक्टरीणबाई फिसकन हसल्या. बाबांनी बोल थांबवला. तिसऱ्या चौकोनात, त्यांच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. हातातला डाव नाचवत, डोळे वटारून, आवाज न काढता म्हणत होती, "मनगट! मनगट!"

बाबा वळेपर्यंत ती आत गेली होती.

"हे कधीपासून चालू आहे?" त्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं.

"आपल्या घरी पहिला विद्यार्थी आला तेव्हापासून," मी म्हटलं. आम्हा भावंडांना ते पाठ होतं. फक्त बाबांची पाठ नेहमी तिकडे असायची.

शिकवणी संपल्यावर दिवसभर त्यांनी तबल्याला हात लावला नाही. मला वाटलं, दुखावले. पुढच्या शिकवणीआधी मी मुकाट्याने तिसरा कॅमेरा काढायला गेलो.

"राहू दे तो," बाबा म्हणाले. "बैठक दिसते त्यात."

"बैठक कसली, ओटा दिसतो," आई आतून म्हणाली. त्या दिवशी तिने ठेवणीतली साडी नेसली होती. "आणि माझा चौकोन जरा मोठा कर रे."

कॉल लागला. डॉक्टरीणबाईंनी नमस्कारही केला नाही. "सर, काकी क्यां छे?"

बाबांनी घसा खाकरला. मग मान वळवून हाक मारली, "अगं, ये बाहेर. तुला विचारतेय ती."