वळण आलं की उतरा

हसा, खुशाल हसा. पण चहा हातात धरून हसू नका, सांडेल. आमच्या नंदुरबारकडे ही गोष्ट माझ्या पाठीमागे लोक सांगतातच, आणि ती सपशेल चुकीची सांगतात. म्हणून म्हटलं, बदनामी व्हायचीच असेल तर निदान ती खरी तरी व्हावी!

तेव्हा मी धुळ्याच्या कॉलेजातून नुकताच बी.एस्सी. होऊन आमच्या गावी, कोरीटला परतलो होतो. देश बदलायचा होता. लगेच बदलायचा होता, शक्यतो पावसाळ्याच्या आत. सुरुवात स्वतःच्या लग्नापासून करायची ठरवली. हुंडा घ्यायचा नाही! घोडा नाही, मानपान नाही. लग्नपत्रिकेत मी चक्क छापून घेतलं होतं : ‘हुंडा नाही. रुसवेफुगवे नाहीत.’

मुलगीही तशीच तेज मिळाली होती. सुशीला. तापीकाठचं, प्रकाशा या तीर्थाच्या अलीकडचं गाव. नाव सांगत नाही, सासरवाडी आहे. हुंड्यापायी तिनं आधी आलेली स्थळं स्वतः नाकारली होती. मला होकार दिला तो केवळ माझ्या त्या शब्दावर. माझ्या रूपावर नव्हे, हे नंतर तिनंच स्पष्ट केलं.

आता घोडा नाही म्हटल्यावर वाहन काय? माझे मोठे काका दगाजी नाना यांच्याकडे एक जुनी स्टेशन वॅगन होती. केवढी? आमच्या गावची अख्खी पंचायत आत बसून भांडू शकेल एवढी. पण वाटेत गुडघाभर फुफाटा, त्यात वाळूचा एक नाला. मागच्या उन्हाळ्यात ती त्या नाल्यात रुतली होती आणि बैलांनी ओढून काढली होती. माझी वरात बैल ओढणार? विसाव्या शतकात? छे!

मला तोडगा सुचला. चाकं मोठी करायची!

नंदुरबारला याकूब मिस्त्री होते. त्यांच्या आवारात लष्कराच्या भंगारातली ट्रकची चाकं पडली होती, माझ्या छातीला लागतील एवढी. मी विचारलं, “बसतील का?”

मिस्त्री म्हणाले, “रमणभाऊ, तुम्ही फकत हुकूम सोडा. या गाडीले हत्तीना पाय लाई देस!”

या माणसात आणि माझ्यात एक विलक्षण साम्य होतं. आम्हा दोघांनाही ‘नाही’ हा शब्द येत नव्हता. बोल्टांची भोकं जुळेनात, मिस्त्रींनी नवी पाडली. मडगार्ड आड आलं, कापलं. तरी चाक घासतंय म्हटल्यावर स्प्रिंगच्या पाट्यांखाली लाकडी ठोकळे घालून अख्खी गाडी उचलली. शेवटी मी ती आवारात गोल गोल फिरवली. भिंगरी! नुसती भिंगरी! डावीकडे वळतेय, उजवीकडे वळतेय. मिस्त्रींचे डोळे भरून आले.

नानांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच म्हणाले, “गाडी मन्ही शे, लगीन तुन्हं शे. दोन्हीमातलं एक तरी धड घर आन.”

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड गाडीत चढलं. चढलं कसलं, चढवलं! स्टूल लावलं. नानांच्या घरून, म्हणजे आमच्या जमनाकाकी, त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“रमण्या, हाई गाडी शे का माळा?”

“काकी, प्रगती उंचच असते!”

“मंग तुन्ही प्रगतीले एक शिडी लाव.”

नाना, काकी, आत्या, मामे, मावश्या, त्यांच्या ट्रंका, बुंदीची टोपली. सगळे आत. चालवणार कोण? मीच! स्वावलंबन! अंगाला हळद, कपाळाला बाशिंग, हातात स्टिअरिंग. अशा थाटात नवरदेव निघाला.

सरळ रस्त्याला गाडीनं जी ऐट दाखवली, काय विचारता! फुफाटा? लोण्यासारखा कापला. वाळूचा नाला? नाला होता हे नाला ओलांडल्यावर कळलं. “बघितलं?” मी ओरडलो. “विज्ञान!”

आणि पहिलं वळण आलं.

मी स्टिअरिंग फिरवलं. घुर्रर्रर्र! गाडीत रबर जळाल्याचा वास. चाक थोडं वळलं आणि मडगार्डात जाऊन घट्ट बसलं. गाडी सरळच निघाली होती, कसाबसा ब्रेक दाबून बाभळीच्या अलीकडे थांबवली.

तुमच्या लक्षात आलं? माझ्याही तेव्हाच आलं. आवारात फिरवली तेव्हा गाडी रिकामी होती. आता वऱ्हाडाच्या वजनानं ती खाली बसली आणि मडगार्ड थेट चाकांवर टेकलं. बी.एस्सी.! भौतिकशास्त्र घेऊन!

“सगळे खाली उतरा,” मी म्हणालो.

सगळे उतरले, गाडी वर आली, चाक सुटलं, वळण घेतलं. पुन्हा स्टूल, पुन्हा काकी, पुन्हा बुंदी. निघालो. दुसरं वळण. पुन्हा उतरा.

आता आमच्या भागात रस्ते कसे, तर शेताच्या बांधाबांधानं. दर घटकेला वळण. आणि वळण तिथे देव, हा तर नियमच. पहिल्या वळणावर मारुती, दुसऱ्यावर मरीमाय, तिसऱ्यावर म्हसोबा. काकींनी विचार केला, उतरायचंच आहे तर पाया का पडू नये? त्यांचं पाहून आत्या, आत्यांचं पाहून सगळेच. मामांना तर इतका सराव झाला की लांबून वाकडी वाट दिसली की तेच आरोळी ठोकायचे, “वयन उनं! उतरा!” वयन उनं म्हणजे आमच्या अहिराणीत वळण आलं.

उन्हानं आणि संतापानं मी लालबुंद झालो होतो. काकी कुंकवाचं बोट घेऊन म्हसोबाकडे निघाल्या तेव्हा मी आतूनच ओरडलो, “पुरे झालं! किती वेळ हात जोडणार?”

नेमका त्याच वेळी एक दूधवाला सायकलवरून गेला. सायकलला रिकाम्या बरण्या, तोंड सासरवाडीच्या दिशेला.

त्यानं काय पाहिलं, कल्पना करा. नवरदेव बाशिंग बांधून गाडीत एकटा बसलाय, तोंड लाल, काही केल्या उतरत नाही. आणि खाली भर उन्हात सारं वऱ्हाड हात जोडून उभं! म्हसोबा होता झुडपाआड. तो त्या माणसाला कुठला दिसणार?

आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल याचा अर्थ काय. दूधवाल्यानं पायडल हाणलं ते थेट मांडवाच्या दारात.

“आप्पा! नवरदेव रुसना! रस्तामा रुसी बठना!”

आप्पा म्हणजे माझे सासरे. पत्रिकेत ‘रुसवेफुगवे नाहीत’ छापणारा जावई अर्ध्या रस्त्यात रुसलाय हे ऐकून त्यांना भोवळच आली. त्याच पावली ते निघाले.

सासरवाडीच्या अलीकडच्या शेवटच्या वळणाशी आम्ही पोहोचलो. वऱ्हाड नुकतंच उतरलं होतं, मी आत होतो. समोरून आप्पा फेटा सावरत येताहेत, मागे भाऊबंद, आणि मोहन, माझा मेहुणा, त्याच्या डोक्यावर घरचा रेडिओ!

“जवाईबापू,” आप्पांनी हात जोडले, “काय चुकनं आमनं? हाऊ रेडिओ ल्या, पन खाले उतरा.”

“रेडिओ? मला काही नको!”

तुम्ही लग्नं पाहिली आहेत ना? रुसलेला नवरदेव काय म्हणतो? हेच म्हणतो! ‘मला काही नको.’

आप्पा मागे वळून हळूच म्हणाले, “रेडिओ नको म्हनस. घड्याय काढा.”

मनगटी घड्याळ पुढे आलं. “नको!” मी किंचाळलो. तेव्हा भाऊबंदांत कुजबुज झाली, रेडिओ खाली ठेवून मोहन मांडवाकडे पळाला, आणि कोणीतरी दुभती म्हैस सोडायला पळालं. मी जितका तत्त्वानं नकार देत होतो, तितका माझा भाव चढत होता!

“आप्पा, मी रुसलो नाहीये. गाडी वळत नाही!”

“हा, हा,” आप्पा समजुतीनं म्हणाले, “गाडीबी नवी पाही लेऊत.”

आणि त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. माझ्या पायांशी ठेवायला! पाय उंचावर होते म्हणून तो गाडीच्या पायरीवर ठेवला. तेवढ्यात मांडवाकडे पळत गेलेला मोहन धापा टाकत परतला.

“ताई म्हनस, नवरदेवले घड्याय जोयजे तं हारबी त्या घड्यायलेच घाला! मी नही उभी ऱ्हावाव!”

झालं. हुंडा नाकारणाऱ्या मुलीनं हुंड्यासाठी मला नाकारलं होतं. आणि मी तर दमडी मागितली नव्हती! सगळं जमलेलं लग्न माझ्या डोळ्यांदेखत त्या मडगार्डात अडकलं.

मग माझ्यातला विज्ञानाचा पदवीधर खवळून उठला. पुरावा! प्रत्यक्ष पुरावा!

“बसा!” मी गरजलो. “आप्पा, तुम्ही बसा. मोहन, तू बस. सगळे भाऊबंद बसा. रेडिओही घ्या!”

रुसलेल्या जावयाचा हुकूम कोण मोडणार? स्टुलावरून सगळे निमूट चढले. गाडी दबली. मी इंजिन चालू केलं.

“हे बघा, समोर रस्ता डावीकडे वळतोय. बरोबर? आता मी स्टिअरिंग डावीकडे फिरवतो. पण गाडी वळणार नाही!”

घुर्रर्रर्र! आणि गाडी खरोखर वळली नाही. सरळ निघाली!

“बघा! बघा! वळते का? नाही वळत!” आयुष्यात कुठलाही प्रयोग इतका यशस्वी झाला नव्हता. त्या आनंदात मी जरा पुढेपर्यंत ‘बघा बघा’ करत राहिलो. मग ब्रेक आठवला. दाबला. पण सकाळपासून त्या हत्तीच्या पायांना थोपवून थोपवून बिचारा थकला होता.

समोर आप्पांची केळीची बाग होती. होती म्हणजे, तोवर होती.

सपासप, सपासप! एक ओळ गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या ओळीत गाडी थांबली. एक घड सावकाश खाली आला आणि बॉनेटवर बसला. माझं बाशिंग एका पानाला लटकत होतं.

मागून, पानांच्या ढिगाखालून, आप्पांचा आवाज आला, “पटनं, जवाईबापू. खरंच वयत नही.”

गलका ऐकून मांडवातली माणसं धावत आली. त्यांच्यात सुशीलाही, हळदीच्या अंगानं. तिनं मला पाहिलं, गाडी पाहिली, केळीच्या पानांतून बाहेर येणारे भाऊबंद आणि रेडिओ कवटाळून बसलेला भाऊ पाहिला. काकींनी तिला वळणाची आणि देवांची सगळी कथा ऐकवली. आधी तिनं पदर तोंडाला लावला. मग तो पुरेना तेव्हा ती सरळ बांधावर बसूनच हसली. आणि म्हणाली, “लवकर चाला, मुहूर्त निंघी जाई.”

लग्न लागलं. हुंडा नाही, घड्याळ नाही, म्हैसही दावणीला परत गेली. जिंकलो ना? थांबा. परत जायचं कशात? गाडी केळीत.

आप्पांनी नवी कोरी दमणी जुंपली. दमणी म्हणजे छत असलेली, घुंगरांची बैलगाडी. मी म्हणालो, “आप्पा, उद्या परत पाठवतो.” ते म्हणाले, “आंडेरनी गाडी परत लेतस का? ऱ्हाऊ द्या.” आंडेर म्हणजे लेक. मी पुन्हा “मला नको” म्हणणार होतो. पण नानांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला.

आजही तो दूधवाला गावोगाव सांगतो, ‘कोरीटचा शिकलेला नवरदेव दमणीसाठी रुसला. केळीत जाऊन बसला. घेऊनच उठला!’ सांगा, याला काय उत्तर देऊ?

तर अशी माझी वरात बैलांनी ओढत निघाली. बाजूला नवी नवरी, डोक्यावर पदर, खाली मान. समाजसुधारणेवरची सगळी भाषणं नेमकी त्या वेळी विसरली होती. घुंगरं वाजताहेत, बैल चाललेत, आणि म्हसोबाचं ते वळण जवळ आलं.

पदराआडून, अगदी अदबीनं, माझी बायको माझ्याशी लग्नानंतरचं पहिलं वाक्य बोलली.

“वयन उनं. उतरू का?”